संस्कृतींना जवळ आणणाऱ्या छोट्या प्रकल्पासाठी सीड फंडिंग: कल्पनेपासून हिशेबापर्यंत

निधी मागणाऱ्यांच्या रांगेत मी बरीच वर्षं उभी होते. पुढे एका छोट्या अनुदानाच्या निवड समितीत बसून इतरांचे अर्जही वाचले. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. वेगवेगळ्या भाषांच्या, धर्मांच्या, वंशांच्या माणसांना एकत्र आणू पाहणारे अर्ज भाषेमुळे पडत नाहीत आणि रकमेमुळेही क्वचितच पडतात. ते पडतात, कारण मागितलेला पैसा मंडप, बॅनर, ध्वनिव्यवस्था आणि पाहुण्यांच्या सत्कारात जाणार असतो. दोन गट एका सभागृहात येतात, एकमेकांच्या नाचगाण्यांना टाळ्या वाजवतात, आपापल्या माणसांशेजारी बसून जेवतात आणि घरी जातात. छायाचित्रं उत्तम येतात. ओळख मात्र कुणाची कुणाशी होत नाही.

म्हणून अर्ज कसा भरायचा हे या लेखात थोडं उशिरा येईल. पैसा नेमका कशासाठी हवा, ते आधी ठरवू.

बीजनिधी कशाला म्हणायचं

सीड फंडिंग किंवा बीजनिधी म्हणजे एखादी गोष्ट पहिल्यांदा करून पाहण्यासाठी, बहुधा एकदाच आणि ठरावीक मुदतीसाठी मिळणारी छोटी रक्कम. देणाऱ्याला ठाऊक असतं की यातले काही प्रयोग फसतील. त्यामुळे ‘आम्ही समाजात सलोखा निर्माण करू’ या वाक्याने तो हुरळत नाही. काय करून पाहणार, आणि जमलं किंवा फसलं तर काय कळेल, हे त्याला हवं असतं. इमारत, वाहन, जुनं कर्ज, संस्थेचे वर्षभराचे पगार यांसाठी हा पैसा नसतो.

‘छोटी’ रक्कम म्हणजे किती, हे निधीगणिक बदलतं. अमेरिकेत २००७ पासून चालू असलेल्या ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ या विद्यार्थी-योजनेत एका प्रकल्पाला १०,००० डॉलर मिळत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अलायन्स ऑफ सिव्हिलायझेशन्स’ या उपक्रमाचा ‘युथ सॉलिडॅरिटी फंड’ आजवरच्या फेऱ्यांत २५,००० डॉलरपर्यंत देत आला आहे. उलट रोटरीच्या ‘ग्लोबल ग्रँट’ला प्रकल्पाचं अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचं लागतं, म्हणजे पहिल्या पावलासाठी ती जागाच नव्हे. त्याच रोटरीची ‘डिस्ट्रिक्ट ग्रँट’ मात्र छोट्या कामांसाठी असते. एकाच संस्थेचं एक दार तुमच्यासाठी बंद आणि शेजारचं उघडं, असं पुष्कळदा आढळतं.

पहिली पायरी: भेट कशी घडेल ते ठरवा

अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक जण तो दोन ओळींत उरकतात.

माणसं एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप विरघळतात, हा गोड समज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसता संपर्क पुरत नाही. त्यांनी चार अटी मांडल्या: त्या भेटीत दोन्ही गटांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावं, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागावी, आणि या सगळ्याला संस्थेचा किंवा वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असावा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये दाखवलं की संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो आणि या अटी पाळल्या असतील तर अधिक कमी होतो.

१९५४ मध्येच मुझफर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट पाडले आणि स्पर्धा लावून त्यांच्यात वैर निर्माण होऊ दिलं. मग त्यांना एकत्र जेवू घातलं, एकत्र चित्रपट दाखवले. काही उपयोग झाला नाही. जेवणाच्या वेळी मुलं एकमेकांवर अन्न फेकू लागली. शिबिराचं पाणी बंद पडलं, अडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढावा लागला, अशी कामं पुढ्यात आली तेव्हा वैर ओसरू लागलं. या प्रयोगात संशोधकांनी परिस्थिती हवी तशी घडवून आणली होती आणि मुलंही एकाच थरातली होती, म्हणून त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण ‘सहभोजन ठेवलं आहे, मनं जुळतील’ असा अर्ज आला की मला ते फेकलेलं अन्न आठवायचं.

अलीकडच्या अभ्यासांतून आणखी दोन धडे मिळतात. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण निवडले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या काहींना क्रिकेट स्पर्धांत खेळवलं, बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतल्या मुलांशी मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांत तसं झालं नाही, उलट परिणाम दिसला. म्हणजे ‘या गटाचा संघ विरुद्ध त्या गटाचा संघ’ असा मैत्रीपूर्ण सामना ठेवणं हा नावाप्रमाणे मैत्रीपूर्ण उपाय नव्हे. दुसरा अभ्यास सलमा मूसा यांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. इराकमधल्या ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले, तेव्हा ख्रिस्ती खेळाडूंचं मैदानावरचं आणि संघाच्या वर्तुळातलं वागणं बदललं. पण बाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागण्यात तो बदल फारसा झिरपला नाही. हा दुसरा धडा अर्जात प्रामाणिकपणे लिहिलात तर वाचणारा कान टवकारतो. ‘आमच्या २४ जणांत ओळख होईल; ती त्यांच्या घरांपर्यंत, मित्रांपर्यंत पोचावी म्हणून आम्ही अमुक करणार’, एवढं म्हणा.

उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तीत जुने रहिवासी आहेत आणि अलीकडे दुसऱ्या भाषेची कुटुंबं राहायला आली आहेत. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू झालं, जिथे स्वयंसेवक आणि शेजारी मिळून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात. तीच कल्पना इथे बसवू: दोन्ही गटांतले १२-१२ जण, आठवड्यातून एकदा अशा आठ भेटी, प्रत्येक जोडीत दोन्हीकडचा एकेक माणूस, आणि पुढ्यात बंद पडलेला पंखा किंवा सायकल. हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की भाषा तोडकीमोडकी चालते. कौशल्य दोन्हीकडे असतं, त्यामुळे कुणी ‘मदत घेणारा’ ठरत नाही. आणि दुरुस्त झालेली वस्तू घरी जाते, तेव्हा ‘कुणी करून दिली?’ हा प्रश्न त्या २४ जणांच्या पलीकडे पोचतो.

तुमचा प्रकल्प दुरुस्तीचा नसेल. लहान मुलांचं द्विभाषिक पुस्तक, एखाद्या भिंतीवरचं चित्र, बोलीभाषांचा शब्दसंग्रह, काहीही असू द्या. त्याला तीन प्रश्न विचारा. काम दुसऱ्या गटाशिवाय पुरं होऊ शकतं का? होत असेल तर रचना बदला. तीच माणसं किमान चार-पाच वेळा भेटतात का? आणि कुणा एका गटाला कायम यजमान नि दुसऱ्याला कायम पाहुणा व्हावं लागतं का?

एक सावधगिरी. कोपनहेगनच्या तरुणांनी २००० साली रोस्किल्ड महोत्सवात ‘ह्युमन लायब्ररी’ सुरू केली, जिथे माणूसच ‘पुस्तक’ होतो आणि वाचक त्याच्याशी बोलतो. तिची नक्कल जगभर होते. कल्पना सुंदर आहे, पण त्या नावाने कार्यक्रम करायचा तर मूळ संस्थेची परवानगी घ्या. आणि रोज लोकांच्या प्रश्नांना तोंड देणाऱ्या माणसाला आणखी एकदा खुर्चीत बसवून उत्तरं द्यायला लावण्याआधी त्याला ते हवं आहे का, हेही विचारा.

दुसरी पायरी: दुसरा गट अर्जाआधी सोबत हवा

आमच्या समितीपुढे एकदा दोन समाजांतल्या संवादाचा फार देखणा अर्ज आला. मुलाखतीला पाचही जण एकाच समाजाचे. ‘दुसऱ्या बाजूची माणसं?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘निधी मिळाला की त्यांच्याशी बोलू.’ अर्ज तिथेच संपला.

दुसऱ्या गटातला एक तरी माणूस सह-अर्जदार असू द्या, नुसता ‘सल्लागार’ नको. अर्ज लिहायच्या आधी त्यांच्या जागेत, त्यांच्या सोयीच्या वेळी दोन-तीन बैठका करा. कोणते दिवस त्यांच्या धार्मिक कारणांमुळे टाळायचे, स्त्रिया कोणत्या वेळी येऊ शकतील, कोणत्या विषयावर आज बोलणं धोक्याचं आहे, हे तुम्हाला घरात बसून कळणार नाही. या बैठकांत कल्पना बदलली तर ते अर्जात लिहा. ‘आम्ही आधी अमुक ठरवलं होतं, त्यांनी नको म्हटलं, म्हणून हे’ या वाक्याने मिळणारा विश्वास शिफारसपत्रांच्या गठ्ठ्याने मिळत नाही.

तिसरी पायरी: कुणाकडे मागायचं

लोक जगातल्या सर्वांत मोठ्या नावांपासून सुरुवात करतात आणि दमून जातात. उलटं चला. आधी जवळचे: नगरपालिका, सार्वजनिक वाचनालय, विद्यापीठ, स्थानिक न्यास, रोटरीसारखे क्लब, परक्या देशांची सांस्कृतिक केंद्रं आणि वकिलाती. इथे रक्कम कमी असते, पण स्पर्धाही कमी असते आणि माणूस प्रत्यक्ष भेटतो. इथून मिळालेली लहानशी रक्कमसुद्धा पुढच्या अर्जात साक्षीदार म्हणून उभी राहते.

मग खास याच विषयाचे निधी. ‘अलायन्स ऑफ सिव्हिलायझेशन्स’ २००५ मध्ये स्पेन आणि तुर्कस्तानच्या पुढाकाराने सुरू झालं. त्याचा युथ सॉलिडॅरिटी फंड १८ ते ३५ वर्षांच्या तरुणांनी चालवलेल्या संस्थांसाठी आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि युरोपीय देशांसाठी अलेक्झांड्रियातलं ‘ॲना लिंध फाउंडेशन’ आहे, तेही २००५ चंच. युरोपियन युनियनच्या ‘सॉलिडॅरिटी प्रोजेक्ट्स’मध्ये १८ ते ३० वयाच्या किमान पाच तरुणांचा गट २ ते १२ महिन्यांच्या कामासाठी निधी मागू शकतो.

नाव ऐकून फसू नका. युनेस्कोचा ‘सांस्कृतिक विविधतेसाठीचा आंतरराष्ट्रीय निधी’ १,००,००० डॉलरपर्यंत देतो, पण तो विकसनशील देशांतल्या कला आणि सर्जनशील उद्योगांच्या वाढीसाठी आहे. शेजाऱ्यांना एकत्र आणण्याचा तुमचा प्रकल्प तिथे बहुधा बसणार नाही. नावात ‘संस्कृती’ असलेला प्रत्येक निधी आपला नसतो.

निधीची सूचना वाचताना आधी ‘कोण पात्र नाही’ हा भाग वाचा. वय, देश, नोंदणीची वर्षं, रकमेची मर्यादा, एवढ्यातच अर्ध्या यादीवर फुली बसते आणि आठवडे वाचतात. मग मागच्या फेऱ्यांत कुणाला निधी मिळाला ती यादी पाहा. निकषांपेक्षा ती जास्त बोलते. या फेऱ्या दरवर्षी निघतीलच असं नाही आणि अटीही बदलतात, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

नोंदणीकृत संस्था नसेल तर

छत्र संस्था शोधा. म्हणजे नोंदणी, बँक खातं आणि लेखापरीक्षण असलेली एखादी संस्था तुमच्या वतीने पैसे घेते, हिशेब ठेवते आणि बदल्यात रकमेचा काही भाग व्यवस्थापन-खर्च म्हणून ठेवते. हा भाग किती, पैसे किती दिवसांत तुमच्याकडे येतील, वस्तूंची मालकी कुणाची, हे आधी कागदावर आणा. मैत्रीत हे राहून जातं आणि मग मैत्रीही जाते. निधी दुसऱ्या देशातून येणार असेल तर तुमच्या देशात परदेशी निधी स्वीकारण्याची परवानगी त्या संस्थेला आहे का, हे अर्ज करण्यापूर्वी तपासा. अनेक देशांत त्यासाठी वेगळी सरकारी नोंदणी लागते आणि ती नसताना आलेला पैसा महागात पडतो.

चौथी पायरी: एक पान

ऑनलाइन फॉर्म उघडण्याआधी एका पानावर लिहा: कोण कोणाला भेटत नाही आणि का; तुम्ही काय करणार, किती वेळा, कुठे, किती जण; त्यातून कोणता बदल दिसावा; तो कसा ओळखणार; किती पैसे; आणि हे तुम्हीच का. हे पान विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि नंतर पान न बघता त्याला प्रकल्प सांगायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे लिखाणात गोम आहे.

‘समस्या’ लिहिताना मोठ्या शब्दांवर कात्री चालवा. ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात असहिष्णुता वाढत आहे’ हे वाक्य मी शेकड्याने वाचलं आहे. त्याऐवजी ‘एकाच शाळेत दोन भाषांची मुलं आहेत, पण मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या दोन टोकांना खेळतात’ असं लिहा. डोळ्यांनी दिसतं ते लिहा, आणि कुठल्याही समाजाला ‘मागास’, ‘अजाण’ ठरवून दया मागू नका. तुमचा अर्ज उद्या त्या समाजातल्या माणसाच्या हाती पडला तर तो मान खाली घालेल का, ही कसोटी लावून पाहा.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

अंदाजपत्रक म्हणजे तुमचा प्रकल्प आकड्यांत. मी तर आधी तेच वाचत असे. शब्द ‘संवाद’ म्हणतात आणि आकडे ‘स्टेज’ म्हणतात, तेव्हा मी आकड्यांवर विश्वास ठेवी.

दुरुस्तीच्या उदाहरणात एकूण रक्कम १०० धरली तर माझी वाटणी साधारण अशी: समन्वयक आणि दुभाष्याचं मानधन ३५, लोकांचा प्रवास आणि लहान मुलं सांभाळण्याची सोय २०, हत्यारं आणि सुटे भाग १५, जागा आणि चहापाणी १२, माहिती गोळा करणं आणि अहवाल ८, अपघाती खर्च ५, छत्र संस्था आणि बँकेचे आकार ५. प्रसिद्धीसाठी वेगळा रकाना नाही, हे मुद्दाम. २४ माणसं बोलावण्यासाठी होर्डिंग लागत नाही.

दुभाष्याचा खर्च हमखास विसरला जातो. ‘आमच्यातलाच कुणीतरी करेल’ म्हटलं की तो माणूस आठही भेटी दुसऱ्यांचं बोलणं वाहण्यात घालवतो आणि स्वतः कुणाशी ओळख करून घेत नाही. मूल सांभाळण्याची सोय नसेल तर लहान मुलं असलेल्या स्त्रिया गळतात, आणि मग प्रकल्प फक्त पुरुषांचा होतो. परकीय चलनात निधी असेल तर विनिमय दर आणि बँकेची कपात धरा. मोफत मिळालेली जागा, स्वयंसेवकांचे तास यांची किंमत ‘स्वतःचा वाटा’ म्हणून दाखवा. काही निधींना तो लागतोच.

आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना सारख्या कामाचे सारखे पैसे द्या. एका गटाचा ‘तज्ज्ञ’ मानधनावर आणि दुसऱ्याचा ‘स्वयंसेवक’ फुकट, असं कोष्टक आलं की ऑलपोर्टची पहिली अट कागदावरच मोडलेली असते.

सहावी पायरी: मोजायचं काय

उपस्थितीची संख्या लिहा, पण तिथे थांबू नका. शेवटच्या भेटीला पहिल्या भेटीतले किती जण टिकले? जोडी मोकळी सोडल्यावर माणसं कुणाशेजारी जाऊन बसली? प्रकल्पाबाहेर कुणी कुणाला फोन केला, कुणाच्या घरी गेलं? सुरुवातीला आणि शेवटी विचारायचे पाच साधे प्रश्न पुरे, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या गटातल्या किती जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत?’ भेटी संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तेच विचारा, आणि त्यासाठीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच ठेवा. २०१९ मध्ये एलिझाबेथ लेव्ही पलक आणि सहकाऱ्यांनी काटेकोर प्रयोग शोधले, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले आणि परिणाम लगेच न मोजता नंतर मोजलेले. त्यांना असे २७ सापडले. संशोधकांची ही स्थिती असताना तुमच्याकडून कुणी शास्त्रीय सिद्धतेची अपेक्षा करत नाही. ‘पूर्वग्रह ८० टक्के कमी झाला’ असं लिहिलंत तर मात्र जाणकार वाचक अहवाल मिटून ठेवतो.

पैसे आल्यावर

करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रक्कम बहुधा हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता अहवालानंतर, म्हणजे तेवढे दिवस खिशातून चालवावं लागेल. प्रत्येक पावतीवर तारीख, कशासाठी आणि कुठल्या रकान्यातला खर्च हे त्याच दिवशी लिहा. रकान्यांत पैसे इकडचे तिकडे करायचे तर आधी लेखी परवानगी घ्या. दात्याला बदलांचा राग येत नाही, नंतर कळण्याचा येतो.

फोटो आणि नावांसाठी लोकांच्या भाषेतलं संमतीपत्र हवं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला प्रकल्पात तितकीच जागा हवी. आपल्या समाजाबाहेरच्या माणसासोबतचा फोटो कुणासाठी घरात किंवा मायदेशी धोक्याचा ठरू शकतो. मुलं असतील तर पालकांची संमती आणि दोन मोठी माणसं नेहमी सोबत.

भांडण होईल. आठ भेटींत एकही कडवट क्षण आला नाही, तर सगळे फक्त सौजन्य पाळत आहेत असं समजा. तेव्हा कोण बोलणार, कामाला किती वेळ विराम द्यायचा, बाहेर बातमी गेली तर काय सांगायचं, हे दोन्ही बाजूंच्या समन्वयकांनी पहिल्या भेटीआधी ठरवून ठेवावं. आणि जे झालं ते अहवालात लिहावं. बीजनिधीच्या अहवालात ‘तिसऱ्या भेटीनंतर सहा जण गेले, कारण आम्ही वेळ चुकीची निवडली, वेळ बदलल्यावर चार परतले’ हे वाचलं की पुढच्या टप्प्याचं बोलणं बहुतेक वेळा देणाराच काढतो.

नकार आला तर आठवडाभराने दोन ओळींचं पत्र पाठवा: आभार, आणि ‘आमचा अर्ज कुठे कमी पडला ते सांगाल का?’ सगळे उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांची उत्तरं एका वहीत ठेवा, आणि मधल्या काळात त्या दुसऱ्या गटाला भेटत राहा. पंखा दुरुस्त करायला निधी मंजूर व्हावा लागत नाही.